दोन इंच वर

लॅमसन टेकडी, व्हरमाँट
९ मार्च २०१७

लुसियन,

मंगळवारच्या गावसभेत आपला रस्ता गेला. म्हणजे रस्ता आहे तिथेच आहे, पण गावाने तो चौथ्या वर्गात टाकला. यापुढे खडी नाही, बर्फ काढणं नाही, काही नाही. एका घरासाठी तीन मैल रस्ता कशाला सांभाळायचा, हे जेवणाच्या सुट्टीआधीच ठरून गेलं. हात वर करणाऱ्यांत आपल्या चर्चमधली निम्मी माणसं होती. मग त्यातल्याच बायांनी मला बीन्स वाढले आणि विचारलं, "बाबा कसे आहेत गं?" मी म्हटलं, "मजेत. आता टेकडीवरच मरतील." सगळ्या बीन्सच्या पातेल्यात बघायला लागल्या. बरं वाटलं मला.

पण खरंच काय करू? बाबांना डायलिसिसला सोमवार, बुधवार, शुक्रवार खाली न्यावं लागतं. न्यायला येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, बर्फ वितळून चिखल सुरू झाला की मी रस्त्याखालच्या मोरीच्या वर येणार नाही. त्याचं चुकत नाही. माझी छोटी गाडी तर आत्ताच पोट घासत चालते. वृद्धाश्रमात नाव घातलंय, पण जूनपर्यंत जागा नाही. खाली शेजारच्या बर्निसकडे राहायला जाऊ म्हटलं, तर बाबांनी काठी आपटून घर डोक्यावर घेतलं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर एक शब्द धड बोलता येत नाही, पण नाही म्हणायला त्यांना शब्द लागतच नाहीत.

कोठारामागे तुझी जुनी वॅगन गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. तिचा जोर चारही चाकांना मिळतो, इंजिन परवा चालू करून पाहिलं, खोकत खोकत चाललं. फक्त ती उंच हवी. असल्या किती गाड्या तू उंच करून दिल्यास! मला जमेल का? बर्निस हाताशी आहे. लाकडाचे ट्रक चाळीस वर्षं चालवलेली बाई आहे, माझ्यासारखी पाना उलटा धरत नाही.

तुमच्या तुरुंगात फोन अजून बंद आहेत म्हणे. सविस्तर लिही. तुझी पत्रं मी बाबांना वाचून दाखवते. ऐकत नाही असं दाखवतात, पण उठून जात नाहीत.

कोलेट

१७ मार्च

कोलेट,

जमेल. तुला नाही जमलं तर बर्निसला जमेल, आणि तू शेजारी उभी राहून शिव्या दे, तेही लागतं.

फोन अजून महिनाभर नाहीत. दोघांनी मारामारी केली, शिक्षा सगळ्या बराकीला. म्हणून नीट वाच. पहिलं पान तीनदा वाच.

गॅरेजच्या मागच्या फळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड चकत्या आहेत, दोन इंची. त्या याच गाडीसाठी आणून ठेवल्या होत्या. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा जो खांब असतो, तो वरून बॉडीला तीन नटांनी धरलेला असतो. खांब सोडवायचा, वर चकती बसवायची, परत जोडायचा. असं चारही चाकांना. स्प्रिंगला हात लावू नकोस. ती सुटली तर जबडा घेऊन जाईल.

खालचे बोल्ट गंजलेत. तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ तेल सोड. घाईने पाना लावलास तर डोकं तुटून हातात येईल आणि मग मला नाही, संतांना हाक मारत बसशील. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, गाडीखाली टेकूच्या लोखंडी घोड्या लावायच्याच.

आता महत्त्वाचं. ज्या जोडांत रबर आहे ते बोल्ट चाकं लोंबत असताना आवळायचे नाहीत. नुसते लावून ठेव. गाडी जमिनीवर उतरव, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ दे, मग खाली सरकून आवळ. नाहीतर रबर पिळून बसतं आणि महिन्यात फाटतं. शंभर मैलांनी सगळे परत एकदा आवळ.

तिसऱ्या पानावर चित्र काढून दिलंय, चकती कुठली बाजू वर ते कळेल.

आणि एक. बाबांना तिकडे फिरकू देऊ नकोस. ते आले की आपलंच खरं करतील, अर्धं काम उलटं होईल, आणि घोडीखाली पडले तर वेगळीच भानगड. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

त्यांना एवढंच सांग, की मी ऑक्टोबरमध्ये येतोय. सात महिने. गाड्यांचे चोरीचे भाग विकले म्हणून त्यांनी कोर्टात माझ्याकडे पाठ केली ती केली. परत माझ्याकडे वळायच्या आत त्यांची वाचाच गेली. मला त्यांच्यासमोर एकदा उभं राहायचंय, कोलेट. तोवर त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार खाली ने. बाकी काही मागत नाही.

लुसियन

२७ मार्च

लुसियन,

झालं! गाडी उभी आहे आणि माझी दहाही बोटं जागेवर आहेत.

तुझं तिसरं पान आलंच नाही. त्याऐवजी छापील चिठ्ठी आली, 'आकृती व नकाशे पाठवण्यास मनाई आहे.' तू चकतीवरून तुरुंग फोडणार असं वाटलं असेल त्यांना. बर्निस म्हणाली, चकती एकाच बाजूने बसते, चित्र कशाला हवं? आणि खरंच एकाच बाजूने बसली.

चार दिवस लागले. मागच्या उजवीकडचा एक बोल्ट तुटला, तो बर्निसने असं काही बोलत काढला की मी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायचं की नाही याचा विचार करतेय. रबराचे बोल्ट सांगितलेस तसेच गाडी खाली उतरवून आवळले. चिखलात पाठीवर पडून! केसांत अजून खडे सापडतात.

बाबांनी मात्र छळलं. मी तुझं पत्र वाचून दाखवत होते तेव्हाच त्यांनी दोनदा हात हलवून मला थांबवलं. मला वाटलं, पाणी हवंय. तुझं ते कंसातलं वाक्य मी गाळलं. पण दुसऱ्या दिवशी काठी टेकत थेट कोठारात हजर, अंगात नुसता स्वेटर. पुढच्या डाव्या चाकामागे काठीने टकटक, टकटक. बर्निसने विचारलं, "काय पाहिजे, रोझेर?" तर चिडून लालभडक. मी दंडाला धरून घरात आणलं आणि बाहेरून कडी घातली. तासभर दार वाजवत होते. वाईट वाटलं, पण तू सांगितलं होतंस, आणि बाहेर गोठणाऱ्या थंडीत त्यांचं काय काम?

आज सोमवार. पहिल्यांदाच तिच्यातून खाली गेलो. मोरीच्या पुढे चाकोऱ्या गुडघाभर झाल्यात, पण गाडी अशी चालली जशी काही रस्ता तिच्या बापाचाच. हॉस्पिटलच्या नर्सने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, आता शिडी लागणार तुम्हाला?" बाबा बसायला कुरकुरले. एकदा बसले की मात्र समोरच बघत असतात.

तुझा निरोप सांगितला.  रात्रीचं सूप सगळं संपवलं त्यांनी.

कोलेट

४ एप्रिल

कोलेट,

तुझं पत्र मी इथे चौघांना वाचून दाखवलं. एक जण टेनेसीचा आहे, आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेला. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला नोकरी देतो." मी म्हटलं, तिला नको, तिच्या बर्निसला दे.

तू मला काय दिलंस ते तुला कळणार नाही. इथे बसून मी कोणाच्याही कामाचा नाही, असं दोन वर्षं वाटत होतं. आता आठवड्यातून तीनदा सकाळी आठला मी मनात तुमच्याबरोबर टेकडी उतरतो. मोरी, मग वळण, मग बर्निसचं घर. बाबा सूप संपवतात याचा अर्थ मला ठाऊक आहे. ऑक्टोबरपर्यंत थांबतील ते.

गाडी डावी-उजवी ओढते का? खड्ड्यातून जाताना ठक्‌ असा आवाज येतो का? आला तर लगेच लिही. शंभर मैल झाले असतील, बोल्ट परत आवळलेस ना?

बाबांना कोंडलंस ते बरं केलंस. तापट म्हातारा! चाकाशी त्याला काय सापडणार होतं?

लुसियन

२३ एप्रिल

प्रिय लुसियन,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. बाबा गेले. बुधवारी, बारा तारखेला. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. सकाळी उठवायला गेले तेव्हा संपलेलं होतं. तुझ्या तुरुंगाला चर्चच्या फादरनी कळवायला हवं होतं, त्यांनी कळवलं नसेल तर मला माफ कर. मला त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं.

जमीन अजून गोठलेली आहे. पेटी गावाच्या दगडी कोठडीत ठेवलीय, मेमध्ये पुरतील. आईच्या शेजारी.

अक्षर वाकडं आलंय. डाव्या हाताचं बोट डब्याच्या पत्र्याने कापलं. काळजी करू नकोस. बर्निस रोज येते, तिनेच ट्रॅक्टरने सगळं वर ओढून आणलं, जेवणही तीच आणते.

एक विचारायचं होतं. ते तुझं तिसरं पान, जे आलं नाही. त्यावर नुसतं चित्र होतं की काही लिहिलंही होतं? आठवेल तसं सांग.

कोलेट

३० एप्रिल

कोलेट,

इथे कोणी काही कळवलं नाही. तुझ्या पत्रातून कळलं. पहाऱ्यावरच्या माणसाने मला तासभर खोलीत बसू दिलं, तेवढे त्याचे उपकार.

पहिले दोन दिवस मी फक्त रडलो. तिसऱ्या दिवशी पत्र परत वाचलं. आणि मग परत वाचलं.

डाव्या हाताचं बोट कापलं तर उजव्या हाताचं अक्षर कसं वाकडं येतं? बाबा झोपेत गेले तर ट्रॅक्टरने काय वर ओढलं? आणि बाप मेल्यावर कोणी गाडीच्या चित्राबद्दल विचारतं का? तू लहानपणीही खोटं बोलायचीस तेव्हा असंच शेवटी उगाच काहीतरी विचारायचीस.

मग मी पलंगावर डोळे मिटून ते सगळं काम पुन्हा केलं. हाताने करतो तसं, एकेक नट. जॅक, घोडी, चाक काढलं. आणि तिथेच अडलो. चाक काढल्यावर पहिल्यांदा काय करतो? मला आठवेना. कारण ते मी कधी केलेलंच नाही. वीस वर्षं आमच्या गॅरेजमध्ये मी चहा-कॉफी घेऊन येईपर्यंत बाबांनी ते करून ठेवलेलं असायचं. ब्रेकचा रबरी पाइप. तो एका छोट्या पट्टीने खांबाला बांधलेला असतो. खांब दोन इंच खाली आला की पाइप ताणला जातो. ती पट्टी सोडवून खाली वळवायची आणि पाइपला ढील द्यायची. नाहीतर चाक खोल खड्ड्यात पडलं आणि त्याच वेळी वळवलं, की पाइप फाटतो.

माझ्या डोक्यातल्या यादीत ते कधी नव्हतंच. ते बाबांचं काम होतं.

पुढचं डावं चाक. तिथेच काठी मारत होते ना?

खरं काय ते लिही. सगळं लिही.

लुसियन

९ मे

लुसियन,

ठीक आहे. मनगट मोडलंय, उजवं. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून इतके दिवस लागले.

बुधवारी आठला निघालो. मोरीचा डावा काठ रात्रीच्या पावसाने खचला होता. चाक त्यात धाडकन पडलं, मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, गाडी बाहेर आली. मला वाटलं, वा! तिथून शंभर पावलांवर उतार सुरू होतो. ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, पण त्या चिखलात मागची चाकं नुसती घसरत राहिली. वळणावर गाडी वळली नाही. खाली ओढ्यात गेलो. झाड बाबांच्या बाजूला लागलं.

बर्निसला यायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली वीसएक मिनिटं बाबा होते. मी त्यांना सांगत होते, आज उशीर होईल, मी हॉस्पिटलला कळवते, घाबरू नका. त्यांनी माझ्या बाहीला धरून ठेवलं होतं. रागावलेले नव्हते. एवढं मी शपथेवर सांगते.

गाडी वर ओढल्यावर बर्निसने मला फाटलेला पाइप दाखवला. नुसता बोटावर घेऊन. 

तुला खोटं लिहिलं, कारण तुझं चार एप्रिलचं पत्र माझ्या उशाशी होतं. आठवड्यातून तीनदा तू आमच्याबरोबर टेकडी उतरतोस असं लिहिलेलं. ते वाचून खरं कसं लिहिणार होते?

पण आता तुला कळलंच आहे, तर मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. त्या तिसऱ्या पानावर पाइपचं लिहिलं होतं का? चित्राच्या कडेला, कोपऱ्यात, कुठेही? लिहिलं असेल, तर ते पान अडवणाऱ्यांच्या नावाने मी रोज सकाळी उठून शिव्या देईन आणि मला झोप लागेल. नसेल, तर राहतो फक्त तू आणि मी. मी ते पत्र वाचून दाखवतानाच बाबा हात हलवून सांगत होते, लुसियन. मग पायी चालत आले सांगायला. आणि मी बाहेरून कडी घातली.

हो म्हण. मी तपासायला येणार नाही.

कोलेट

१७ मे

कोलेट,

ते पान माझ्याकडेच आहे. मार्चमध्येच मला परत दिलं होतं, मी गादीखाली ठेवलं. आत्ता समोर आहे. चित्र पाठवता येत नाही, म्हणून त्यावरचा शब्दन्‌शब्द उतरवून देतो. 'ही बाजू वर.' 'तीन नट, सारखे आवळ.' 'मागच्या चकत्या वेगळ्या, अदलाबदल नको.' 'काम झालं की बर्निसला माझ्याकडून बिअर.' संपलं.

खाली चार बोटं जागा रिकामी आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी पेन्सिल घेऊन त्या जागेकडे बराच वेळ बघत बसलो. त्यात एक ओळ मावली असती. 'पाइपची पट्टी सोडव.' पेन्सिलही तीच आहे. कोणाला कळलं नसतं.

नव्हतं लिहिलं, कोलेट. मी विसरलो असंही नाही म्हणता येत, विसरायला आधी ते माझं असावं लागतं. गॅरेजवर पाटी माझ्या नावाची होती, उंच केलेल्या गाड्यांबद्दल लोक मलाच नावाजायचे, आणि ज्यामुळे त्या गाड्या टेकड्या उतरून जिवंत घरी जायच्या ते काम म्हातारा गुपचूप करून बाजूला व्हायचा. मी एकदाही विचारलं नाही की तुम्ही खाली वाकून काय करता.

आणि त्यांना लांब ठेव असं मी का लिहिलं, तेही ऐक. पडतील बिडतील हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. मला हे काम एकट्याच्या नावावर हवं होतं. माझ्या मुलाने तुरुंगातून मला वाचवलं, असं त्यांना वाटायला हवं होतं. त्यांचा हात त्यात लागला असता तर ते माझं राहिलं नसतं. कडी तू घातलीस, पण घालायला मी सांगितली.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला सुटतो. बसने येईन. न्यायला यायचं की नाही ते तू ठरव, एवढंच लिहितो.

लुसियन

२ जून

लुसियन,

पत्र मिळालं. बाबांना शनिवारी पुरलं. गावातले सगळे आले, हात वर करणारेही. 

तू खोटं लिहिलं असतंस तर मी ओळखलं असतं, आणि तरी धरून बसले असते. ते तू होऊ दिलं नाहीस. बरं केलंस की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

नऊ तारखेला बसथांब्यावर बर्निस येईल. मी येणार नाही. तिने तिच्या घरातली मागची खोली तुझ्यासाठी साफ केलीय, तिथे राहा. टेकडी चढून येऊ नकोस. मला तुझा राग आहे असं समजू नकोस, आणि नाही असंही समजू नकोस. आपण दोघं एका टेबलाशी बसलो की मला त्यांचं दार वाजवणं ऐकू येईल, आणि तुलाही येईल. ते आत्ता मला एकटीलाच ऐकू येतं, तेवढंच मला झेपतं.

मी बोलावेन तुला. कधी, ते मात्र विचारू नकोस.

कोलेट